नवव्या क्रमांकाचा सामना

१४ डिसेंबर २००३, रविवार, सकाळी साडेदहा. मानधन दर कार्यक्रमाला दीडशे रुपये. हजर तिघे : केबलचे मालक विलासशेठ, त्यांचा कॅमेरा चालवणारे अन्वरभाई आणि मी. जागा निजामपुऱ्यात, सुताच्या एका दुकानावरची खोली. लेखी काही झालं नाही. चहा झाला.

मी तेव्हा भिवंडीतल्या एका शाळेच्या कार्यालयात वरिष्ठ लिपिक होतो आणि सुट्टीच्या दिवशी कबड्डीचा गुणलेखक. गुणलेखक म्हणजे मैदानाच्या कडेला टेबल टाकून बसणारा माणूस. चढाई कोणी केली, किती गडी बाद झाले, पकड कोणाची, हे तो चढाईगणिक लिहितो. शिट्टी पंचांची, टाळ्या लोकांच्या, कागद आमचा. टेबलावर बसून टाळी वाजवायची नसते. मी अठरा वर्षं वाजवली नाही.

विलासशेठ राहनाळचे. जमिनीवर गोदामं बांधून भाड्याने दिली आणि त्या पैशातून केबलचा धंदा उभा केला. मला ते मास्तर म्हणायचे, कारण शाळेत नोकरी करणारा प्रत्येक जण त्यांच्या लेखी मास्तर.

"मास्तर, जत्रांचे दिस आले," ते म्हणाले. "एका सांजेला दोन-दोन गावान सामने. कॅमेरा माझा एक. लोक फोन करून इचारतान, कंचा दावनार? मी काय सांगू? तुमी सांगा, यंदा कंचा सामना बघन्यासारखा हाय आन कंचा न्हाय."

बाहेरच्या वाचकांना हे समजावून सांगायला हवं. जिल्ह्याची स्पर्धा आटोपली की आमच्याकडे पौष-माघात गावोगावच्या जत्रा सुरू होतात. मोठी गावं बत्तीस-बत्तीस संघ बोलावतात. लहान गावाला तेवढ्या लोकांचं जेवण परवडत नाही, म्हणून ते दोनच संघ बोलावतं आणि एकच सामना खेळवतं. त्याला मानाचा सामना म्हणतात. जिंकणाऱ्याला ढाल, हरणाऱ्याला नारळ आणि दोघांना एका पंगतीत जेवण. असे आठ-दहा सामने पाच आठवड्यांत व्हायचे. त्यांची केबलवर आधी ओळख करून द्यायची आणि पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक लावायचे, हे माझं काम. क्रमांक वरचा असेल तिथे कॅमेरा जाणार.

मी एकच अट घातली. क्रमांक मी लावीन आणि एकदा जाहीर झाला की तो बदलणार नाही.

"अहो, बदलतो कोन!" विलासशेठ म्हणाले. "माझा गाव असला तरी बदलू नका."

क्रमांक मनाला येईल तसा लावत नव्हतो. शंभर गुणांची पद्धत केली होती. दोन संघ किती तोडीस तोड आहेत, याला पन्नास गुण. चढाई करणाऱ्या खेळाडूंच्या हंगामातल्या कामगिरीला तीस, तेही दोघांतल्या कच्च्या संघावरून. उरलेले वीस मैदानाला : माती सपाट आहे का, गुणफलक नीट दिसतो का, सामना वेळेवर सुरू होतो का. तोडीस तोडला निम्मे गुण का, असं लोक विचारायचे. दोन नामांकित संघांतला एक दुसऱ्याला वीस गुणांनी हरवत असेल, तर मध्यंतरानंतर माणसं भज्यांच्या गाडीकडे वळतात. दोन साधे संघ एका गुणावर अडकले असतील, तर भजीवालासुद्धा मैदानाकडे तोंड करून उभा राहतो. हे मी टेबलावरून पाहिलेलं होतं. हंगामभराच्या सगळ्या गुणपत्रकांच्या प्रती माझ्याकडे असायच्या. त्यावरून बेरजा करायच्या, सरासरी काढायची. रात्री जेवण झालं की सौभाग्यवती भांडी आवरायच्या आणि मी ताटाएवढी जागा अडवून आकडेमोड करायचो.

चित्रण शुक्रवारी दुपारी व्हायचं, कारण शुक्रवारी शाळा अर्धा दिवस आणि गावातले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद. इतर सहा दिवस त्या खोलीत समोरच्या माणसाला ओरडून सांगावं लागे. अन्वरभाई नमाजहून आले की अडीच वाजता सुरुवात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला शर्ट बदलायला लावला.

"मास्टरजी, ये लाइनवाला शर्ट मत पहना करो. टीवी में नाचता है."

"माझ्याकडे सगळे रेघांचेच आहेत."

"तो मेरा पहनो. पेट अंदर लो, बस."

पहिला संपूर्ण हंगाम मी अन्वरभाईंच्या आकाशी शर्टात काढला. रविवारी सकाळी अकराला कार्यक्रम लागायचा. भाजी आणायला गेलो तर भाजीवाला वांगी तोलताना विचारायचा, "मास्तर, तीन नंबर जरा जास्तच दिला का?" आणि मी पिशवी धरून तिथेच त्याला सरासरी समजावून सांगायचो. इतकी वर्षं शाळेत बिलं केली, पगारपत्रकं केली, पण त्याबद्दल मला रस्त्यात कोणी थांबवलं नव्हतं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक बाई दर शनिवारी घरी फोन करायच्या. त्यांच्या मुलीचं नुकतंच लग्न झालं होतं आणि जावई आपल्याच गावी खेळणाऱ्या एका संघात मधल्या फळीत होते.

"भाऊ, जावईबापूंचं गाव पाचव्यावर ठेवलंत?"

"गुण तेवढेच झाले, ताई."

"मी पहिला कुठे मागते? पण त्यांच्या शेजारचं गाव चौथं आलंय हो. लेक नवीन आहे घरात. सासू दोन दिवस धड बोलली नाही तिच्याशी. जसं काही आमच्याकडूनच पाचवा गेला!"

मी क्रमांक बदलला नाही. पुढच्या कार्यक्रमात एवढंच म्हणालो की पाचव्या सामन्यात मधली फळी पाहण्यासारखी आहे. ते खरंही होतं. त्या शनिवारी फोन आला नाही, पण घरपोच तिळाचे लाडू आले. सौभाग्यवती म्हणाल्या, "आकड्यांवर पहिल्यांदा काहीतरी गोड मिळालं."

त्याच हंगामात वडप्याहून एक टेंपो भरून माणसं आमच्या दारात उतरली. त्यांच्या सामन्याला मैदानाच्या वीसपैकी अकरा दिले होते. पुढारी दिसणारे एक गृहस्थ म्हणाले, "मास्तर, मैदान बघितलं होतं का आमचं?" मी वही उघडली आणि मागच्या वर्षी सामना किती वाजता लावला होता आणि किती वाजता सुरू झाला, ते वाचून दाखवलं. पावणेदोन तासांचा फरक होता. गृहस्थ मागे वळून आपल्याच माणसांना म्हणाले, "सांगत होतो, जेवनं मागून घाला!" चौदा माणसांचा चहा झाला. जाताना त्यांनी सौभाग्यवतींना नमस्कार केला. त्या मला म्हणाल्या, "दीडशे रुपयांत भांडणं विकत घेतलीत. दूध वेगळं."

पुढच्या वर्षी वडप्याचा सामना मिनिटाला मिनिट वेळेवर सुरू झाला. याचा मला अजून अभिमान आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. तिसरा हंगाम, २००६ सालचा. त्या वर्षी नऊ सामने होते. मुंबईतल्या एका सरकारी खात्याच्या कबड्डी संघाचे व्यवस्थापक मला भेटले. त्यांच्याकडे खेळाडूंसाठी दोन जागा होत्या, कायम नोकरीच्या. ते म्हणाले, "मला नऊ गावं फिरायला वेळ नाही. तुमची यादी पाठवा. वरचे तीन सामने बघतो, त्यातून दोघं निवडतो." माझी कॉलर ताठ झाली. रविवारच्या कार्यक्रमात यादी वाचताना मी हेही सांगून टाकलं की पहिल्या तीन सामन्यांना नोकरी देणारे साहेब हजर असतील. सांगायची काही गरज नव्हती.

त्या यादीत राहनाळ नववं होतं, म्हणजे शेवटचं. मालकाचं गाव! अन्वरभाईंनी कॅमेऱ्याआडून डोळे मोठे केले. विलासशेठ दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मास्तर, गावान तोंड दावायला जागा न्हाय ठेवलीत." पण हसत म्हणाले. आणि बाजारात माझं नाव झालं. मालकालासुद्धा सोडत नाही म्हणाले लोक. मला ते फार आवडलं. इतकं, की त्या नवव्या क्रमांकाची बेरीज मी पुन्हा तपासली नाही. इतर आठ दोनदा तपासल्या होत्या.

सोमवारी सकाळी शाळेच्या कार्यालयात एक तरुण आला. रात्रपाळी संपवून सरळ आलेला, केसांवर आणि कपड्यांवर सुताची पांढरी लव. मी खुर्ची दाखवली. खुर्ची खराब होईल म्हणून तो बसला नाही.

"साहेब, आप वो केबलवाले मास्तर ना? मैं मल्लेश. पद्मानगरला राहतो. राहनाळला सामना हाय ना शुक्रवारी, त्यात आमची टीम."

त्याच्या संघात सगळे लूमवर काम करणारे. काही तेलुगू, काही उत्तरेकडचे, दोघे आपले शहापूरकडचे. जिल्ह्याचे सामने रविवारी आणि यांची सुट्टी शुक्रवारी. त्यामुळे हे आपसात शुक्रवारीच खेळायचे, नोंदणी कधी केलीच नव्हती. राहनाळची जत्रा त्या वर्षी शुक्रवारी आली म्हणून त्यांना पहिल्यांदाच बोलावणं गेलं होतं.

"एक नंबर मत दो साहेब. आम्ही कोण? पण नौवां कायको दिया? आपने हमको कभी देखा?"

"नाही," मी म्हणालो. "तुमचं एकही गुणपत्रक नाही माझ्याकडे."

"कागज नहीं तो खेल भी नहीं?"

"तसं नाही. पण मी गुण कशावर देऊ?"

"तो जीरो कायको दिया? कुछ मत देते."

मी त्याला समजावलं की बेरीज करायची तर रकान्यात काहीतरी घालावं लागतं. चढाईपटूंच्या रकान्यात शून्य. आणि समोर जिल्ह्यातला तिसऱ्या नंबरचा संघ, त्यामुळे तोडीस तोडच्या पन्नासपैकी चार. मैदानाचे सतरा मिळून एकवीस. हिशेब मी त्याला कागदावर मांडून दाखवला. त्याने तो नीट पाहिला.

"जून में मेरा सत्ताईस साल पूरा होता है, साहेब," तो म्हणाला. "वो साहब लोग सत्ताईस के ऊपर नाही घेत. मेरे को नोकरी मत दिलाओ. खाली उनको बोलो, एक बार देख लो."

"यादी जाहीर झाली. आता बदलता येत नाही."

"बदलो मत. बोलो खाली."

"एकाला सांगितलं तर नऊ गावांना सांगावं लागेल."

तो "ठीक है" म्हणून गेला. मी पुन्हा पगारपत्रक पुढे ओढलं. माणूस वशिला मागायला आला आणि आपण दिला नाही, असं वाटून मला दुपारचं जेवण गोड लागलं. त्याने विचारलेला प्रश्न वशिल्याचा नव्हता, हिशेबाचा होता, हे डोक्यात आलंच नाही.

शुक्रवारी दोन सामने होते, दोन्ही चार वाजता. वडप्याला यादीतला दुसरा, राहनाळला नववा. कॅमेरा आणि खात्याचे साहेब वडप्याला. राहनाळच्या टेबलावर बसायला गुणलेखक मिळेना म्हणून जिल्हा संघटनेने मलाच पाठवलं. गोदामांच्या मागे मोकळ्या जागेत मैदान आखलेलं होतं. पद्मानगरहून दीड-दोनशे माणसं चालत आली होती.

सहा मिनिटांत जिल्ह्यातल्या त्या तिसऱ्या नंबरच्या संघाने सात-दोन अशी आघाडी घेतली. माझ्या मनाने पुढचं लिहूनही टाकलं. मग मल्लेश चढाईला गेला.

असा खेळाडू मी पाहिला नव्हता. दोन लूममध्ये हात-दीड हात जागा असते, त्यात हे लोक दिवसाचे बारा तास आडवे सरकतात, चार लूम सांभाळतात, आणि पाठीमागच्या लूमचा धागा तुटला तर तो नुसत्या आवाजावरून ओळखतात. मल्लेश मैदानात तसाच सरकत होता. खांदा आडवा, पावलं लहान, मान न वळवता. कोपरारक्षक मागून झेपावला की त्याला कसं कळायचं कोण जाणे, तो हातभर पुढे सरकायचा आणि परतताना त्यालाच शिवून यायचा. मी लिहीत गेलो. एक गुण. दोन गुण. बोनस. पुन्हा दोन. मध्यंतराला अठरा-एकोणीस, लूमवाले एका गुणाने मागे.

विलासशेठ मंडपातून ओरडले, "लिवा मास्तर, लिवा! आता लिवा शून्य!"

मध्यंतर पाच मिनिटांचं. गुणलेखकाने टेबल सोडायचं नसतं. मी सोडलं. विलासशेठचा मोबाइल मागून घेतला आणि अन्वरभाईंना लावला.

"अन्वरभाई, साहेबांना घेऊन या इकडे. गाडी करा, पैसे मी देतो."

"मास्टरजी, यहाँ तो आधा मैच बाकी है."

"असू दे. इथला बघायला हवा. त्यांना सांगा मी म्हणतोय."

पलीकडे बोलणं ऐकू आलं. मग अन्वरभाई अवघडून म्हणाले, "साहब बोलते हैं, वो तो मास्टरजी के लिस्ट में नौ नंबर पे है. बोलते हैं, मास्टरजी का नंबर कभी गलत होता है क्या?"

मी म्हणालो, "या वेळी झालाय." तोवर शिट्टी वाजली आणि फोन ठेवावा लागला.

छत्तीस-चौतीस. लूमवाले जिंकले. मल्लेशचे चढाईतले एकवीस गुण. शेवटच्या चढाईत तो मध्यरेषेवर पोचला तेव्हा माझे दोन्ही हात टेबलावरून उचलले गेले होते. पंचांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणून पेन हातात घेतलं. साहेब आले नाहीत. कॅमेराही नव्हता. विलासशेठचं गाव, विलासशेठचा कॅमेरा, आणि त्या सामन्याचं चित्रण नाही.

सामना संपला की कर्णधार गुणपत्रकावर सही करतात. मल्लेशने सावकाश, तेलुगूत सही केली. मग बोट ठेवून आपल्या नावापुढचा आकडा वाचला.

"अब कागज है ना?"

"आहे," मी म्हणालो.

सोमवारी अर्धी रजा टाकून मी ते गुणपत्रक घेऊन मुंबईला साहेबांकडे गेलो. त्यांनी ते मन लावून वाचलं. "अक्षर सुंदर आहे तुमचं," म्हणाले. वडप्याचे दोघे त्यांनी त्याच संध्याकाळी पक्के केले होते. मुलं चांगली होती, त्याबद्दल तक्रार नाही. "मी न पाहिलेल्या खेळाडूला कसा घेऊ? एक सामना, एक कागद. आणि पुढच्या वर्षी म्हणाल तर वयात बसत नाही." मग कागद परत देत म्हणाले, "तुमच्या यादीवर भरवसा ठेवला, एवढंच."

त्या शुक्रवारी मी कॅमेऱ्यासमोर बसलो आणि क्रमांक वाचण्याआधी सांगितलं : राहनाळचा नववा क्रमांक चुकला. त्या संघाची माहिती माझ्याकडे नव्हती आणि मी ती नाही असं न म्हणता तिथे शून्य लिहिलं. माहीत नसणं आणि नसणं या दोन गोष्टी आहेत. तीन वर्षं हा कार्यक्रम करूनही मला हे एका खेळाडूने विचारल्यावर कळलं नाही, सामना बघितल्यावर कळलं.

"हे ठेवायचं?" अन्वरभाईंनी विलासशेठना विचारलं.

विलासशेठ कपाळाला हात लावून म्हणाले, "मास्तर, दुकान बंद करताव का काय? लोक म्हनतील, बाकीचे आठ तरी बरोबर का?"

"म्हणू देत," मी म्हणालो. "विचारतील तेव्हा सांगेन."

त्यांनी ते ठेवलं. हे त्यांचं मोठेपण. पुढचे दोन आठवडे भाजीवाल्यापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांनी मला नववा क्रमांक विचारला.

पुढे मी आणखी दोन हंगाम कार्यक्रम केला. ज्या संघाचं गुणपत्रक नसेल त्याच्यापुढे रेघ मारायचो आणि शुक्रवारी सायकल काढून स्वतः बघून यायचो. त्या दोन वर्षांत निजामपुऱ्यामागच्या, पद्मानगरच्या, कुठल्या कुठल्या मैदानांवर फिरलो. एवढी कबड्डी या गावात आहे, हे पंचेचाळीस वर्षं इथे राहून मला ठाऊक नव्हतं. नंतर घरोघर सेट-टॉप बॉक्सचे डबे आले, विलासशेठनी केबल विकून टाकली, आणि त्या खोलीत आता कुरिअरचं गोदाम आहे. अन्वरभाईंचा आकाशी शर्ट त्यांनी परत घेतलाच नाही.

मल्लेश त्याच वर्षी, २००६च्या ऑक्टोबरात, पुन्हा कार्यालयात आला. या वेळी दिवसपाळीला जाण्याआधी, स्वच्छ कपड्यांत, म्हणून बसला. त्याला संघाची नोंदणी करायची होती. रविवारच्या सामन्यांसाठी लूमचे चार-पाच शेठ पाळी बदलून द्यायला तयार झाले होते. मी जिल्हा संघटनेचा अर्ज काढला आणि तो सांगेल तशी नावं भरत गेलो. अकरा झाली.

"बारावं?"

"बस ना साहेब. ग्यारह चलता है."

"बारा घेता येतात. तुझं नाव कुठे आहे?"

"मेरा क्या अब. ये बच्चों को कोई देख ले, बस है." त्याने रुमालातून पैसे काढले, मोजून ठेवलेले : संघाचे अडीचशे आणि अकरा खेळाडूंचे प्रत्येकी दहा. "बरोबर हाय ना?"

"अकराचे बरोबर आहेत," मी म्हणालो आणि बाराव्या ओळीवर त्याचं नाव लिहिलं.  त्याने घड्याळ पाहिलं, पाळीची वेळ झाली होती, उठून गेला.

दुसऱ्या दिवशी मी जिल्हा संघटनेच्या कोषाध्यक्षांकडे तीनशे सत्तर रुपये भरले. तीनशे साठ संघाचे, दहा माझे.